कुंपण न मानणारी जाळी

मी रास्पबेरीची एक जुनी जाळी आहे. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, व्होलोग्दा शहराजवळच्या एका खेड्यात, अग्लायाच्या परसात कुंपणाला लागून उभी आहे. मित्रांनो, तुमच्या करवंदीसारखे काटे मलाही आहेत, आणि हट्ट तर त्याहून जास्त.

माझी फांदी एका वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळून जाते. मुळे मात्र थांबत नाहीत. ती कुंपणाखालून शेजारच्या क्लाव्दियाच्या बटाट्यांत शिरली. तिने कोंब उपटले, मी पुन्हा उगवले.

“अगं अग्लाया, आवर तुझ्या त्या अवदसेला!” क्लाव्दिया ओरडायची. “येत्या वसंतात मुळांवर उकळतं मिठाचं पाणी ओतते की नाही, बघच तू!”

मी मनातून घाबरले. मिठापुढे माझे काही चालत नाही.

आमच्याकडे माझ्या फळांचा मुरंबा चैनीसाठी खात नाहीत, आजारपणासाठी राखून ठेवतात. अग्लायाची नातवंडे त्यासाठी खोटे खोटे खोकतात आणि धपाटे खातात.

त्या हिवाळ्यात क्लाव्दियाला सणकून ताप भरला. बर्फाने रस्ता अडला होता, डॉक्टर लवकर येणार नव्हते. अग्लाया बरणी घेऊन गेली. बरणीत मीच होते, म्हणून सगळे ऐकले.

“त्या काटेरी चेटकिणीचा मुरंबा? मरेन, पण खाणार नाही!”

“तुझ्याच बटाट्यांचं खत खाऊन माजलीय ती. म्हणजे अर्धी बरणी तुझीच. चहात घालून पी गुमान!”

गरम चहात मुरंबा, अंगावर जाड पांघरुणे आणि दाराबाहेर पाऊल नाही, अशी आमची रीत. क्लाव्दिया घामाने निथळली. पुढे डॉक्टर आले, त्यांनी गोळ्याही दिल्या. ताप कोणी उतरवला, यावर मी वाद घालत नाही. मी श्रेयासाठी भांडत नाही, जागेसाठी भांडते.

बर्फ वितळले आणि क्लाव्दिया फावडे घेऊन आली. माझे कोंब तिने मुळासकट खणून काढले. आता संपलेच, असे मला वाटले. तिने ते उचलले, आपल्या दाराशी ओळीने लावले आणि पाणी घातले.

“मला कुणाचे उपकार नकोत!” ती कुंपणावरून ओरडली. “आता माझी जाळी माझ्या दारात!”

“अगं, पसरेल हं ती तिकडेही!”

“पसरू दे!”

इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटले नव्हते. खरे सांगते, मला रडू आले.

मित्रांनो, वाळलेली फांदी खुशाल छाटा, पण हिरव्या कोंबाला जागा द्या. नाही दिलीत तरी मी येणारच. दिलीत तर तुमची होऊन येईन.