तिसऱ्या पानावरचा सूर

"पियानोमावशी, तुमचा हात चालतोय!" मॅडमनी गाणं मध्येच थांबवलं आणि चाळीस मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

चालत होता. खोटं कशाला बोलू?

नवं गाणं एका जुन्या जोगिणीच्या कवितेवर बांधलेलं. ती देवाला म्हणते, घरातला दिवा मी विझवलाय, आता तरी ये. फक्त मुलींचे कोवळे आवाज, तीन थरांत, साथ काही नाही. मी सुरुवातीचा सूर द्यायचा आणि गप्प बसायचं. एकतीस वर्षं या गायनवृंदाला साथ केली आणि आता माझ्या वाट्याला एक पट्टी! बरं, साथ नसली की मुली उतरतात. चार पानांत अर्धा सूर खाली. म्हणून मी तिसऱ्या पानापासून हळूच, कुणाला कळणार नाही असा, त्यांना सूर पुरवत होते. तीन आठवडे.

मुली गेल्यावर मॅडम जवळ आल्या. पुढचं सगळ्यांसमोर बोलल्या नाहीत, एवढं मात्र त्यांचं बरं.

"तुमचा आधार आहे म्हणून त्या एकमेकींचं ऐकतच नाहीत, मावशी. कार्यक्रम परवावर आलाय."

"माझी गरज संपली म्हणा की सरळ."

"तसं कोण म्हणतंय? फक्त... उद्याच्या तालमीला तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी पिशवी उचलली आणि घरी आले. ताई गेल्यापासून कुलूप मीच लावते, मीच काढते. ती होती तेव्हाही आम्ही दोघी फार बोलायचो असं नाही. ती भांडी घासताना गुणगुणायची. मी आतून ओरडायचे, "अगं, उतरलीस!" मग ती मुद्दाम आणखी उतरायची, मेली. आता घर कसं अगदी चिडीचूप असतं. दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी मी सगळी कपाटं पुसून काढली.

कार्यक्रमात मी सूर दिला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तिसरं पान आलं. तिथे 'ये' हा एवढासा शब्द मुलींना कितीतरी वेळ धरायचा असतो. एकीनं श्वास घेतला की शेजारणीनं धरायचं, मग तिनं घ्यायचा. ऐकणाऱ्याला खंड कळत नाही. माझी बोटं वळवळत होती. आणि मनात, लाज वाटते सांगायला, एकच चाललं होतं: उतरा गं. थोड्या तरी उतरा.

टाळ्या सुरू झाल्या. त्या गोंगाटात मी हळूच ती पट्टी दाबली. असं गाणं संपलं की आम्ही वाजवणारे हे करतोच, मुली कुठे पोचल्या ते बघायला. केसभरही खाली नव्हत्या. पहिल्या ओळीतल्या मुलीनं भुवया उंचावून मला विचारलं. मी मान हलवली, बरोबर. ती शेजारणीला चिमटा काढून हसली. मला फार आनंद झाला, आणि रडू आलं ते काही आनंदाचं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दिवा न लावताच मी 'ये' म्हणून तो सूर धरला. दम संपला, सूर तुटला. श्वास घेऊन पुन्हा धरला, तर तो खाली आलेला.

"अगं, उतरलीस," मी म्हटलं, आणि दिवा लावला.