रोज काढा

धाकटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर बायका, पलंगाखाली त्यांच्या पिशव्या, दारात चपलांचा ढीग आणि खिडकीला टेकून शेजारचे दोन म्हातारे. सगळ्यांच्या माना वर. छताच्या मधोमध, जिथे पूर्वी दिवा लोंबायचा तिथे, पांढऱ्या रंगातून जांभळट अक्षरं वर आली होती. आधी नुसता डाग दिसला, मग एक काना, मग उरलेलं सगळं. आता ते खालून चष्म्याशिवाय वाचता येत होतं: रोज काढा.

अक्षरं साधी नव्हती. धाकटीच्या मामांनी सगळ्यांच्या देखत त्यावर रंगाचा हात मारला होता. चार दिवस छत कोरं राहिलं, आणि पुन्हा तेच दोन शब्द हळूहळू वर आले. मामांनी पुन्हा रंग दिला, अक्षरं पुन्हा आली. मग शंका घ्यायला कोण धजावणार?

मामा हे एक प्रकरण होतं. जन्मभर त्यांनी नाना धंदे केले. रंगकाम केलं, जुन्या खुर्च्या विकल्या, आणि शेवटी काढ्याला लागले. काळपट, कडू, बाटलीत भरलेला काढा. तो गुडघ्याला चाले, केसांना चाले, झोपेला चाले आणि वेळ पडली तर कोर्टकचेरीलाही चाले. इतके दिवस त्यांचा काढा कोणी विचारत नव्हतं. आता छतानंच शिफारस केली म्हटल्यावर बाटल्या पुरेनात.

"माझं यात काही नाही," मामा हात जोडून म्हणत. "मी नुसता निरोप्या. डॉक्टर म्हणजे शेवटी खालचा माणूस. हे वरून आलंय. पंख्याच्यासुद्धा वरून."

खिडकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की नुसतं 'काढा' लिहिलंय, 'घ्या' कुठे आहे? मामा हसले. वरचा हुकूम नेहमी तोकडाच असतो, उरलेलं शहाण्यानं समजून घ्यायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. म्हातारा शहाणा ठरायला उत्सुक होता. त्यानं एक बाटली घेतली.

हे सगळं थोरली दारात चहाचा ट्रे धरून पाहत होती, आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

थोरली म्हणजे या घरची मोठी सून. सकाळी घरचं आवरून ती दिव्यांच्या दुकानात काउंटरवर जाई. छताचे हुक, पट्ट्या, भिंतीचे ब्रॅकेट, स्क्रू, वायर झाकायच्या वाट्या, कोणता दिवा कशावर पेलेल हे ती झोपेतही सांगेल. घरातही तिचा शब्द चाले, आणि तो चाले एका सुईमुळे. सासूबाईंना साखरेचा जुना आजार. रोज सकाळी इन्सुलिन टोचायचं ते थोरलीनंच. दुसऱ्या कोणाच्या हातून सासूबाई टोचून घेत नसत. "हिचा हात कळतसुद्धा नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगत. त्या एका वाक्यावर थोरलीनं कितीतरी कष्ट हसत काढले होते.

आणि आता? कानामागून आली आणि तिखट झाली, तशी धाकटी. लग्न होऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. भाजी करपवायची, दूध उतू घालवायची. पण चमत्कार झाला तो तिच्या खोलीत. शेजारच्या बायका तिला विचारून कामं करू लागल्या. सासूबाईंनी तर आपली गादीच तिच्या खोलीत हलवली. सुई बंद झाली, गोळ्या बंद झाल्या, सकाळी काढ्याची वाटी धाकटीच्या हातून. "हिच्या पायगुणानं झालं सगळं," आता वाक्य असं होतं.

सगळ्यात जास्त झोंबायचं ते वेगळंच. धाकटीला पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर दिवा हवा होता, म्हणून थोरलीनंच दुकानातून चांगला पितळी ब्रॅकेट आणून दिला होता. दिवा भिंतीवर गेला, छत मोकळं झालं, हुकाचं भोक मामांनी बुजवून वर रंग दिला, आणि त्या मोकळ्या छतावर हा प्रकार उगवला. तिच्या स्वतःच्या खोलीत मोठा झुंबरी दिवा तसाच लोंबत होता. त्याच्या वरच्या रुंद वाटीमुळे एवढीशी जागाही मोकळी नव्हती. वरच्याला काही लिहायचं असतं तरी त्यानं लिहिलं कुठे असतं? थोरलीच्या मनात हा विचार खरोखर आला, आणि आला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

पण यात नुसता मत्सर नव्हता. सासूबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती. सुई चालू होती तोवर ती सुकत आली होती. आता पट्टीही बंद झाली, आणि ट्रे ठेवायला वाकल्यावर थोरलीच्या नाकाला वास आला. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आईला बरं वाटतंय ना, मग राहू दे. तिनं सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही गं."

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्यामुळे जे खरं होतं तेही थोरलीच्या तोंडून खोटं वाटू लागलं. रात्री पडल्या पडल्या तिला स्वतःलाही सांगता येईना की आपल्याला काळजी किती आणि जळफळाट किती.

दुसऱ्या दिवशी दुकानात वायरमन आला. या घराचं वायरिंग त्यानंच केलेलं. तो काउंटरला टेकून फोनवर कोणा गिऱ्हाइकाला समजावत होता. थोरली त्याच्यासाठी स्क्रू मोजत होती.

"नाही, तसा जड दिवा लटकवू नका," तो फोनवर म्हणाला. "आधी रोज काढा. रोज काढा, हुक ठोका, मग दिवा."

थोरलीच्या हातातले स्क्रू काउंटरभर सांडले.

रोज. सीलिंग रोज. छताला बसवायची ती छोटी गोल वाटी, जिच्यातून वायर खाली येते आणि बल्ब लोंबतो. गुलाबाचं इंग्रजी नाव, पण धंद्यात सगळे नुसतं 'रोज' म्हणतात. दिवसातून दहा वेळा ती हा शब्द बोलत होती. मागच्या फळीवर रोजचे खोके रचलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिनं वायरमनला विचारलं, तुम्ही छतावर काही लिहिता का? तो म्हणाला, लिहितो की. बिल्डरनं सगळीकडे रोज लावून ठेवले होते. रोज नुसती वायर आणि बल्ब पेलतो, जड दिवा लावला तर एक दिवस डोक्यावर येतो. म्हणून जिथे हुक लागणार तिथे मार्करनं लिहून ठेवायचं, मागून येणाऱ्या फिटरला कळावं म्हणून.

"आणि वरून रंग दिला की झाकतं?"

"कसलं झाकतंय. रंगारी शिव्या घालतात मला. मार्करची शाई ओल्या रंगात विरघळते आणि वर येते. कितीही हात मारा. आधी वार्निशचा थर द्यावा लागतो, हे कोणत्याही रंगाऱ्याला विचारा."

कोणत्याही रंगाऱ्याला. म्हणजे मामांनासुद्धा. भोक बुजवताना अक्षरं त्यांनी वाचली असणार, आणि रंग दिला की ती परत येणार हेही त्यांना पक्कं ठाऊक असणार.

थोरली अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी आली. आपल्या खोलीचं दार लावलं, बटण बंद केलं, शिडीवर चढली आणि झुंबरी दिव्याच्या वरच्या वाटीचा स्क्रू सैल केला. वाटी दांडीवरून खाली घसरली. हुकाच्या बाजूला, कोऱ्या चुन्यावर, काळीभोर ठळक अक्षरं: रोज काढा.

आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला तो भलताच. माझ्याही खोलीत आहे. धाकटीपेक्षा ठळक आहे. आता दार उघडून हाक मारायची, आणि सासूबाईंची गादी इकडे येईल. शिडीवर उभ्या उभ्या तिनं ती गादी कुठे घालायची हेसुद्धा ठरवलं. मग गादीबरोबर तो वास आठवला, आणि ती खाली उतरली.

धाकटीच्या खोलीत दुपारची गर्दी होती. थोरली म्हणाली, सगळ्यांनी जरा माझ्या खोलीत या. सासूबाईंना दोन बायकांनी धरून आणलं. माना वर झाल्या. थोरली सांगायला तोंड उघडणार तोच मामा पुढे झाले.

"बघा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या खोलीतही निरोप आला. थोरलीबाईंची सेवा वरच्यानं पाहिली."

बायकांनी हात जोडले, आणि या वेळी थोरलीकडे बघून. सासूबाईंनी तिचा हात धरला. "मी तुला उगीच बोलले," त्या म्हणाल्या. इतके दिवस जे हवं होतं ते सगळं समोर वाढून आलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. धाकटी कोपऱ्यात उभी होती, आणि तिचा चेहरा पडलेला थोरलीनं पाहिला. तोही तिला गोड लागला.

"मामा," थोरली म्हणाली, "निरोप अजून आलेत. संडासात चला."

कोणीतरी फिस्सकन हसलं. थोरलीनं शिडी उचलली आणि ती पुढे निघाली. संडासातल्या दिव्याची वाटी तिनं खाली ओढली. तिथेही रोज काढा. बोळातल्या दिव्याखाली सापडलं 'भोक चुकलं', आणि शेजारी खरोखरच एक चुकलेलं भोक. स्वयंपाकघरात 'रोज राहू द्या'.

"आता ओट्यावर कोण राहणार रोज?" काढा घेतलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं. "आणि भोक कुणाचं चुकलं, मामा? वरच्याचं?"

हशा पिकला. मामा म्हणाले, भाव तसा देव. पण हशात ते कोणाला ऐकू गेलं नाही. थोरलीनं पिशवीतून दुकानातला एक रोज काढून सासूबाईंच्या हातात ठेवला आणि त्याचं नाव सांगितलं. वायरमन काय म्हणाला तेही सांगितलं. मग मामांना एकच गोष्ट विचारली: इतकी वर्षं रंगकाम केलंत, मार्करवर वार्निश न देता रंग दिला तर काय होतं?

मामांनी बाटल्यांच्या पिशवीकडे हात नेला. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखी बोलली. "मामा, सांगा ना. माझ्या खोलीत बसवलंत तुम्ही आईंना."

मामा चप्पल शोधायला लागले. एवढ्या चपलांत त्यांना आपली लवकर सापडेना.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि कोणाकडे न बघता सांगितलं, पाय वाचेल, अंगठा नाही.

शस्त्रक्रिया चालू असताना दोघी जावा बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या बायका थोरलीच्या हुशारीचं कौतुक करून निघून गेल्या होत्या. मग धाकटीनं विचारलं, आणि विचारण्यात टोमणा नव्हता.

"ताई, मला रोज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आईंनाही नव्हतं. पण तुम्ही तर तेच विकता. इतके दिवस ते डोक्यावर होतं. तुम्हाला आधी कसं नाही कळलं?"

थोरलीला उत्तर टाळायचं असतं तर टाळता आलं असतं.

"मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "तुझ्या खोलीत आहे एवढंच दिसत होतं मला."

धाकटीनं मान खाली घातली. आतून अजून कोणी बाहेर आलं नव्हतं.

मामांसारख्यांना लोकांची नुसती श्रद्धाच चालते असं नाही. आपला हेवा, आपला मान, आपलं 'मला का नाही' हेही त्यांना चालतं. म्हणून छतावर, भिंतीवर, कुठेही काही अद्भुत उमटलं तर ते कोणाच्या नशिबी आलं हे नंतर बघावं. आधी विचारावं की हे लिहिलं कोणी, कशानं लिहिलं आणि कोणासाठी. हे तीन प्रश्न थोरलीनं पहिल्याच दिवशी विचारले असते, तर सासूबाईंचा अंगठा शाबूत राहिला असता.