टीव्हीतल्या दोन सवती

मोठीचा ज्या दोन बायांवर दात होता, त्या मुळात अस्तित्वातच नव्हत्या. एक नर्स, दुसरी बस चालवणारी. रोज दुपारी अर्धा तास त्या पार्लरच्या भिंतीवरच्या टीव्हीत यायच्या, एकमेकींकडे बघून गोड हसायच्या, आणि इकडे मोठीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पार्लर दोघींचं होतं. मोठी आणि धाकटी ही नावं गिऱ्हाइकांनीच ठेवलेली. दोघी बहिणी असणार, असं अगदी सुरुवातीला कुणीतरी ठरवून टाकलं आणि दोघींपैकी कुणी ते खोडून काढलं नाही. मोठीकडे कात्री आणि केसांचे रंग. धाकटीकडे भुवया, फेशियल आणि बायकांची सुखदुःखं. खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यातल्या एकीत पलंग आणि दुसरीत टॉवेलांचे ढीग. बहीण तर बहीण, आपलं काय जातंय, असं मोठी इतकी वर्षं स्वतःला समजावत आली होती. बरं चाललं होतं म्हणा ना. मग ही मालिका सुरू झाली.

पार्लरमधल्या बायका तर खुळावल्याच. खुर्चीत बसल्या बसल्या विचारणार, "लागली का हो?" नर्सने बसवालीचा हात धरला की केस विंचरून घेणारी उसासा टाकणार. सगळ्यांवर कडी बँकेतल्या काकूंची. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, केस रंगवायला न चुकता मोठीकडेच यायच्या आणि मालिकेची वेळ साधूनच यायच्या.

"अहो मोठ्या ताई, जरा हात थांबवा! सांगतेय ती आईला!" काकू ओरडायच्या. मग डोळे पुसत म्हणायच्या, "काय बाई आहे तिची आई! मी असते ना त्या जागी, तर दोघींना हाताला धरून घरात आणलं असतं. प्रेम ते प्रेम, त्यात काय बघायचं?"

मोठी रंगाचा ब्रश हवेत धरून उभी राहायची. बोलायची सोय नव्हती, म्हणून मग खुसपटं काढायची.

"दिवसभर बस चालवते म्हणे. एक बट तरी हलते का बघा तिची! आणि ही नर्स. ड्यूटीवर केस मोकळे सोडून फिरते. कुठल्या हॉस्पिटलात चालतं हो हे?"

"तुमचं आपलं काहीतरीच," काकू म्हणायच्या. "तुम्हाला केसांपलीकडे काही दिसतच नाही."

दिसत होतं. सगळं दिसत होतं. त्या दोघींचं सूत जमून दोन महिनेही झाले नाहीत, तर शेजारीपाजारी, काका-मामा, बसचा कंडक्टर, सगळे त्यांच्या पाठीशी. आणि आपण? आपले केस काळे होते तेव्हापासून एका ताटात जेवतोय, पण आपल्यासाठी कुणी साधं 'अगं बाई' म्हटलं नाही. मोठी जळत होती, आणि जळतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं. नसलेल्या बायांवर जळण्याची वेळ आली आपल्यावर, म्हणून आणखी जळत होती.

त्यातच धाकटीच्या भावाकडून पत्रिका आली. त्याच्या मुलीचं लग्न. पाकिटावर धाकटीचं एकटीचं नाव. नेहमीसारखंच. बारशी झाली, वाढदिवस झाले, दादाच्या नव्या घराचं जेवण झालं, धाकटी दरवेळी बॅग भरून एकटी जायची आणि मोठी दुकान सांभाळायची. पण ही पोर वेगळी होती. सुट्टीत इथे येऊन राहायची, खालच्या खुर्चीत गिरक्या घ्यायची, तिचे पहिले केस मोठीने कापले होते. तिच्या लग्नाला तरी आपण समोर बसावं, एवढीच मोठीची इच्छा होती. दुसरं काही नको होतं.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून दोघी टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. दुपारचा भाग आठवून धाकटीचे डोळे पुन्हा भरून आले. बसवालीच्या आईने म्हणे शेवटी दार उघडलं होतं.

झालं! मोठीने हातातला टॉवेल खाली आपटला.

"त्या भवान्यांसाठी रडतेस! माझ्यासाठी रडलीस का कधी?"

"अगं, असं काय करतेस? नुसती मालिका आहे ती."

"तेच तर! ज्या नाहीतच त्यांना सगळं मिळतंय आणि आपण जिवंत बसलोय घड्या घालत!"

धाकटीने तो उचलून झटकला. स्वभावच तिचा तसा, ताकही फुंकून पिणारी. मग हळूच म्हणाली, "मला धीर येतो गं त्यांना बघून. वाटतं, आपणही सांगावं दादाला. यावेळी दोघी जाऊ."

"कधी सांगणार?"

"त्यांचं लग्न होऊ दे. होईलच आता."

मोठीने कपाळावर हात मारला. म्हणजे आपल्या संसाराचं काय ते कुठल्यातरी मालिकेचा लेखक ठरवणार! आणि इतकी वर्षं आपण उशाशी आहोत, तर आपल्याकडे बघून हिला धीर आला नाही, तो आला त्या बसवालीकडे बघून. हे मात्र फार लागलं तिला. रात्री ती धाकटीकडे पाठ करून झोपली.

तिकडे मालिकेवाले घाईत, नर्स आणि बसवाली गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या. लग्नाचा भाग लागला त्या दुपारी काकू मुद्दाम अपॉइंटमेंट घेऊन आल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मोठीने त्यांच्या डोक्याला रंग लावला, काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. धाकटी हातमोजे घालून पुढच्या गिऱ्हाइकाच्या फेशियलची वाटी कालवत उभी होती, तिचं लक्ष कशातच नव्हतं. त्या दोघींनी एकमेकींना अंगठ्या घातल्या तशा काकू हुंदके देऊन रडल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"सोनं झालं पोरींचं," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. दादा.

"स्पीकरवर टाक गं, हात भरलेत माझे," धाकटी म्हणाली.

मोठीने टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन ट्रॉलीवर ठेवला. दादाचा आवाज दुकानभर घुमला. "एकटीच ना? हॉटेलवाले खोल्यांचं विचारतायत."

"दोघी येतोय दादा. मोठी पण."

"ती कशाला? दुकान कोण बघणार मग?"

"बंद ठेवू." धाकटीचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "दादा, तुला जशी वहिनी, तशी मला ही आहे. पहिल्यापासून. मी बोलले नाही कधी, चुकलं माझं."

  पलीकडे दादाने घसा खाकरला.

"बरं," तो म्हणाला. "मग एकच खोली सांगतो." आणि थोडं थांबून, "पोरगी परवापासून मागे लागलीय माझ्या, केस मोठ्या मावशीनेच करायचे म्हणून. तिला सामान घेऊन यायला सांग."

धाकटी मटकन स्टुलावर बसली आणि हातमोज्यांसकट तोंड झाकून रडायला लागली. मोठी तिच्याकडे धावणार, तर मागे खुर्ची करकरली. काकू उठल्या होत्या. अंगावर प्लास्टिकचा एप्रन, डोक्यावर ओला रंग, तशाच पर्स उचलून दाराबाहेर पडल्या.

"अहो काकू! रंग धुवायचाय अजून!" मोठी टॉवेल घेऊन मागे धावली.

काकू चांगल्याच लगबगीने निघाल्या होत्या. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानापाशी मोठीने त्यांना गाठलं. कानामागून रंगाचा ओघळ त्यांच्या कॉलरवर आला होता. पुसावा म्हणून मोठीने टॉवेल पुढे केला, तशा काकू मागे सरकल्या.

"राहू द्या. मी बघते माझं माझं."

"काकू, काय झालं?"

"मला आधी सांगायला हवं होतंत," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या डोक्याला हात लावताय. मी आपली बहिणी समजत होते."

"हात तेच आहेत काकू."

"ते नका सांगू मला."

"आत्ता रडलात ना तुम्ही? टाळ्या वाजवल्यात." मोठीचा आवाज चढला. "त्या दोघींना हाताला धरून घरात आणणार होतात!"

"त्यांची गोष्ट वेगळी हो," काकू म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं, एवढं साधं हिला कसं कळत नाही म्हणून. "त्या किती गोड आहेत."

  "घरी गेल्या गेल्या धुवा," मोठी म्हणाली. "साध्या पाण्याने, शाम्पू आज नको. नाहीतर टाळू सोलपटेल." काकूंनी टॉवेलचं टोक दोन बोटांत धरून तो घेतला आणि रस्ता ओलांडला.

मोठी दुकानाच्या काचेबाहेर थोडा वेळ थांबली. आत धाकटी हातमोजे काढून आरशासमोर उभी होती, नाक लाल, डोळे सुजलेले, आणि तोंडभर हसू. इतकं हसू मोठीने तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आता मोठीला बसवालीचा नाही, नर्सचा नाही, धाकटीचाच हेवा वाटला. हिला दादाचं 'बरं' मिळालं होतं आणि तेवढंच मिळालं होतं. कोपऱ्यावरचं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

ती आत गेली.

"काकू का गं गेल्या अशा?" धाकटीने विचारलं. "डोकंसुद्धा न धुता?"

"रडू आवरेना त्यांना. तुझ्यासमोर लाजल्या. घरी धुते म्हणाल्या."

"आपल्यासाठी रडल्या?" धाकटीचे डोळे एवढे मोठे झाले.

"मग काय," मोठी म्हणाली आणि रंगाची वाटी घेऊन नळाखाली धरली. "आपल्यासाठीच."