पाखऱ्याची फायनल

स्क्रीनवर 'डाउनलोड' लिहिलेली हिरवी बटणं पाच होती आणि त्यातलं खरं एकच होतं. पहिलं दाबल्यावर शुभदाला कळलं की तिला एक मोटार बक्षीस लागली आहे. दुसरं दाबल्यावर लॅपटॉपला नाना रोग झाल्याचं कळलं आणि तो किंचाळायला लागला. तिसऱ्यावर एक बाई उगवली. ती म्हणे इथेच, कामोठ्यातच राहते आणि फार एकटी आहे.

"एकटी आहेस ना, मग ये बाई इकडे," शुभदा स्क्रीनला म्हणाली, "आणि बस माझ्या सासऱ्यांजवळ चार तास." आणि तिने लॅपटॉपचं झाकण आपटलं.

सासरे म्हणजे आबा. गंगाराम आबा. पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत उभी हयात लेथवर काढलेला माणूस. किडन्यांनी हात टेकले तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. जागा मिळाली ती सीवूड्सच्या एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये, आणि सेंटर होतं इमारतीच्या तळघरात. तिथे मोबाइलला रेंज नाही. वायफाय होतं, पण त्याचा पासवर्ड स्टाफखेरीज कुणाला सांगायचा नाही अशी भिंतीवर पाटीच होती. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही, आणि छताकडे बघत चार तास पडून राहायचं. उभं राहून जन्म घालवलेल्या माणसाला ही शिक्षा कुठून मानवणार? दोन तास झाले की आबा सुरू व्हायचे. "काढा सुया. बास झालं."

सही देऊन आबा अर्ध्यातून उठत. डॉक्टरांनी शुभदाला बाजूला घेऊन सांगितलं, असं अर्ध्यावर उठणं म्हणजे न करण्यासारखंच आहे, पाणी छातीत चढेल. त्यात गेल्या आठवड्यात आबांनी जेवता जेवता जाहीर केलं, "दसरा झाला की ह्ये बंद. मला गावाला नेऊन सोडा." बंद म्हणजे काय, ते ताटावर बसलेल्या तिघांनाही कळत होतं.  शुभदाच्या नवऱ्याने, अश्विनने, वरण वाढून घेतलं.

आबांना पडून राहायला लावील अशी एकच गोष्ट शुभदाला सुचत होती: बैलगाडा शर्यत. खटावकडच्या गावी आबांच्या पुतण्याचा, शिवतेजचा, पाखऱ्या नावाचा खोंड यंदा मोठ्या मैदानात पळाला होता. मैदान नेमकं डायलिसिसच्या दिवशी. आबांनी फर्मान काढलं, निकाल कुणी सांगायचा न्हाय, मी डोळ्यानं बघणार. तेव्हापासून शिवतेजचा फोन आला की शुभदा "सगळे बरे आहेत" म्हणून तो घाईघाईने ठेवून द्यायची. शिवतेजला वाटायला लागलं, वहिनीला राग आलाय.

गावाकडच्या एका चॅनलने अख्खं मैदान लाइव्ह दाखवलं होतं, ते नेटवर पडूनही होतं. पण ॲपमध्ये चकल्यांचे व्हिडिओ उतरवून घेता येत, योगासनांचे येत, या एका व्हिडिओखालचं बटण मात्र मेल्यासारखं राखाडी. चॅनलवाल्याला तिने विचारलंही. त्याचं उत्तर आलं, "घ्या की ताई, आपलंच हाय." घ्या की! कसं घ्या, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुण्याला शिकणाऱ्या लेकीला, मैत्रीला, फोन लावला.

"आई, चौथं बटण दाब. वरची सगळी ॲड्स आहेत."

"चौथंही हिरवंच आहे गं."

"मग पाचवं. तू प्लीज हायपर नको होऊस."

"मी कुठे होतेय? तो लॅपटॉप होतोय."

पाचव्या बटणातून एकदाचं ते सॉफ्टवेअर उतरलं. त्याने सकाळभर पंखा घरघरवत व्हिडिओ उतरवला. शुभदाने तो मैत्रीच्या जुन्या टॅबमध्ये भरला, इअरफोन जोडून दिले आणि शनिवारी वरच्या मजल्यावरच्या बाकावर निवांत पेपर उघडला. दोन तासांनी जिन्यात आबांच्या चपला वाजल्या.

"आबा! इतक्यात?"

"गट संपून सेमी चालू व्हायला आन् तुझं काळं पडायला एकच गाठ. इंग्रजीत पाटी आली. सिस्टर म्हणाली, पुढचं बघायचं तर पैसे भरा."

फुकटचं सॉफ्टवेअर फक्त अर्धाच व्हिडिओ देत होतं. हे त्याने कुठे लिहिलं होतं? सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

"तुझा व्हिडिओ अर्धा, माझं डायलिसिस बी अर्धं," आबा कापसाचा बोळा दाबत म्हणाले. "फिटंफाट."

पैसे भरून टाकावेत म्हणावं तर अश्विन अंगावर आला. "त्या साइटवर कार्ड नंबर टाकतेस? जिथे ती बाई आली होती?" बाईचं त्याला कशाला सांगितलं, असं शुभदाला झालं.

शेवटी मैत्रीच म्हणाली, "सोड ते. लॅपटॉपमध्ये स्क्रीन रेकॉर्डर आहे. शर्यत चालू कर, रेकॉर्ड दाब आणि आपली कामं कर. जे स्क्रीनवर दिसेल ते सगळं साठत जाईल."

"बटणं किती आहेत त्यात?"

"एकच."

हे बरं होतं. रविवारी सकाळी आबा खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. शुभदाने लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवला, सेमीपासून शर्यत लावली, ते एकुलतं एक बटण दाबलं आणि स्वयंपाकाला लागली. निवेदक घसा फोडून ओरडत होता, धुरळा उडत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अश्विन लसूण सोलत होता. म्हणजे एक पाकळी सोलायची आणि दोनदा मोबाइल बघायचा.

"शुभा," तो मध्येच म्हणाला, "आबा म्हणतात तसं करायचं का?"

"कसं?"

"दसऱ्यानंतर... दमलेत गं ते. मला बघवत नाही."

शुभदाने पोळी उलटली ती तव्याबाहेरच पडली.

"बघवत नाही तर बघू नका. सुया त्यांना टोचतात, तुम्हाला नाही."

"तसं नाही, त्यांचीच इच्छा असेल तर..."

"इच्छा? त्यांच्या इच्छा मला विचारा. बावीस वर्षं पुरवतेय. पहिली पोळी नको, शेवटची नको, मधली हवी. टीव्ही एवढा मोठ्याने की बातम्या खांदेश्वरपर्यंत जाव्यात. माझ्या शिकवणीच्या पोरांना सांगतात, हिचं मराठी पुस्तकातलं हाय, खरं मराठी माझ्याकडून शिका. आणि मीठ! आल्या दिवसापासून माझ्या भाजीत मीठ कमी. आता डॉक्टरांनीच कमी घालायला सांगितलंय, तरी रोज ऐकवतात. मला वैताग आलाय त्यांचा. मनापासून वैताग आलाय."

"मग?"

"मग काय मग? वैताग आला म्हणून माणूस गावाला नेऊन सोडायचा? उद्या मीठ बरोबर आहे का, ते विचारू कुणाला? तुम्हाला? तुम्हाला तर घालायचं विसरले तरी कळत नाही!"

अश्विनने लसूण खाली ठेवला. त्याचे डोळे लाल झाले होते. लसणाने होत नाहीत. तो काही बोलणार तेवढ्यात कुकर किंचाळला.

"बंद करा तो. चार झाल्या."

"तीनच झाल्यात."

"चार झाल्यात म्हणते ना मी!"

टेबलावर पाखऱ्याची जोडी सुटली होती. दोघांपैकी कुणी पाहिली नाही.

मंगळवारी शुभदा वरच्या बाकावर पेपर न उघडताच बसली. दोन तास झाले. जिन्यात चपला वाजल्या नाहीत. अजून थोडा वेळ गेला तशी तिला धाकधूक व्हायला लागली आणि ती खाली जाऊन दारातून डोकावली. आबा पडून होते. कानात इअरफोन, पोटावर टॅब, डावा हात फळीसारखा सरळ. शर्यत बघताना माणूस हसतो, नाहीतर शिव्या देतो. आबा दोन्ही करत नव्हते.

"आज काय दिलंत बाबांना?" गीतांजली सिस्टरने विचारलं. "एकदाच हात उचलला, तेव्हा मशीनचा अलार्म वाजला. मी ओरडले तर सॉरी म्हणाले."

"कोण? आबा?"

"हो. सॉरी पोरी, म्हणाले."

हा शब्द आबांना येतो, हे शुभदाला नव्याने कळत होतं.

चार तास पुरे झाले. घरी येताना रिक्षात ती खुशीत होती. शेवटी त्या यंत्राला नमवलं तर! "मग? पाखऱ्याने सेमी मारली का?"

"मारली. कासराभर अंतर ठेवून मारली."

"आणि फायनल?"

"फायनलच्या आधीच संपलं तुझं."

लॅपटॉपमधली जागा भरली असणार. मेलं एक काही धड होत नव्हतं. शुभदा नव्याने वैतागणार तोच आबा बाहेर बघत म्हणाले, "कुकरचं रबर बदल. शिट्टी लई कर्कश झालीय."

"हो, बदलते."

"आन् चारच झाल्या हुत्या. अश्विनला मोजता येत न्हाय."

रिक्षा बेलापूरच्या सिग्नलला उभी होती. रविवारी तर आबा खाली बाकावर होते; शुभदाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. आबा समोरच्या टेम्पोमागची अक्षरं वाचत होते.

घरी येऊन तिने रेकॉर्डिंग लावलं. निवेदक ओरडत होता, "आली आली आली, पाखऱ्याची जोडी आली!" आणि त्याच्यावर, त्याच्याहून मोठ्या आवाजात, कुणी एक बाई सांगत होती की तिला मनापासून वैताग आलाय. एवढा आपला आवाज चढतो? कधीपासून?

"आई, माइक ऑन असणार," मैत्री फोनवर म्हणाली. "तो आपोआप ऑनच असतो."

"हे आधी सांगायला तोंड दुखत होतं?"

"मला काय माहीत तू शर्यतीवर भांडण डब करशील!"

त्या दिवशी जेवताना आबांनी भाजी खाल्ली, भाकरी खाल्ली आणि मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. अश्विनने तर मान वर केली नाही. शुभदाने घास घेतला आणि तिला आणखीच राग आला. मीठ आज खरोखरच कमी होतं.

मैत्रीने मग मित्राकडून चांगलं, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मिळवलं आणि बुधवारी पुरी फायनल पाठवून दिली. स्वच्छ, लख्ख, खळ नाही की खंड नाही. गुरुवारी सकाळी निघताना शुभदाने टॅब आबांच्या हातात ठेवला. त्यांच्या नजरेला नजर देणं ती टाळत होती.

"आबा, ही घ्या फायनल. अख्खी आहे. मधे काही नाही."

आबांनी खुर्चीत बसून थोडी बघितली. बैल अजून सुटलेही नव्हते. त्यांनी इअरफोन काढले.

"ह्यात काय न्हाय."

"आबा, सगळं आहे हो! निकालापर्यंत आहे. पोरीने पुण्याहून पाठवलंय."

"कुकर न्हाय ह्यात."

 अश्विन मोजे घालत होता, तो एका पायात मोजा घालून तसाच थांबला.

"तिथं खाली नुसतं मशीन घुंइंई करतंय," आबा म्हणाले. "शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलत न्हाय. सिस्टर बोलती ती आकडे बोलती. परवा बरं वाटलं. घरात पडल्यागत वाटलं."

"आबा, मी जे बोलले ते..."

"बोललीस ते बोललीस. टीव्हीचा आवाज कमी करीन. मिठाचं सांगत न्हाय." त्यांनी इअरफोनची वायर गुंडाळली. "पोळी मात्र मधलीच पायजे."

"आबा, मी..." अश्विन म्हणाला.

"तू मोजा घाल. उशीर हुतोय." आबांनी टॅब सुनेकडे परत दिला. "आज मंगळवारचंच परत बघतो. ही फायनल तुझ्या त्या पद्धतीनं कर. आवाजासकट."

"अहो, एवढी मरमर करून चांगली मिळवली, आणि तुम्हाला ती खराबच हवी?"

"व्हय. आन् लॅपटॉपात जागा करून ठेव. दिवाळीच्या मैदानात पाखऱ्या परत पळणार हाय. ते बी घ्यावं लागंल."

दिवाळी दसऱ्यानंतर येते. हे अश्विनच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याने दुसरा मोजा उलटा घातला.

रविवारी आबा न सांगता उठले, चपला घातल्या. "चाललो मी बाकावर," ते दारातून म्हणाले, "तुमचं चालू द्या." शुभदाने फायनल लावली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिली. अश्विन लसणापुढे बसला. निवेदक ओरडत होता आणि घरात दोघं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होती. अश्विनने खुणेने विचारलं, बोलू? शुभदाने खुणेनेच सांगितलं, बोला की. त्याला काही सुचेना. त्याने घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बातम्या वाचाव्यात तशा आवाजात म्हणाला, "आज लसूण चांगला आहे."

"डोंबल चांगला आहे!" शुभदा फिस्कारली. "अर्ध्या तासात चार पाकळ्या सोलल्यात. सालं जमिनीवर, पंखा चालू, ती उचलणार कोण? माणूस आहात की काय आहात? आणि तो मोबाइल आधी पालथा ठेवा."

एकदा सुरू झाल्यावर काही अडचण आली नाही. कुकरने पहिली शिट्टी दिली; रबर अजून बदललं नव्हतं. शुभदाने भाजी ढवळली, पळीतली थेंबभर तळहातावर घेऊन चाखली, आणि मग पळी हातात घेऊनच टेबलाशी येऊन लॅपटॉपवर वाकली.

"आणि आबा," ती स्क्रीनवरच्या धुरळ्याला मोठ्याने म्हणाली, "मीठ बरोबर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच."