बाबांचा खरखरीत आवाज

दुपारी चार वाजता बाबांच्या संगणकाचा आवाज गेला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढल्यापासून बाबा टंकायचे आणि संगणक बोलायचा. म्हणजे आता बाबाच मुके झाले. करणी लेकीची. बाबा हाताने नको नको करत असताना तिने सिस्टिम अपडेट केली होती.

पाचला इस्पितळातून फोन यायचा होता. थोरल्या काकांचं आता काही खरं नव्हतं. आजीच्या आजारपणात दोघा भावांचं बोलणं तुटलं, ते आज जुळायचं होतं. चुलतभाऊ काकांच्या कानाशी फोन धरणार होता.

"तुम्ही लिहा, मी वाचते," लेक म्हणाली.

बाबांनी टंकलं, "मग तो तुझं ऐकेल. माझं नाही."

"मोबाइलमधली बाई वाचेल."

"त्या गोडबोलीला आमच्या भांडणात आणू नकोस."

त्यांना तो खरखरीत, यांत्रिक आवाजच हवा होता. टेलिफोनच्या तारा जोडण्यात हयात गेलेल्या माणसाने तो स्वतः बसवला, संथ केला, जाड केला आणि आपला मानला होता.

लेकीने सेटिंग उघडलं. साउंड कार्डाच्या जागी काहीच नाही. अपडेटने आलेल्या सिस्टिमच्या नव्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, आवाज चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हर प्रोग्रॅमचं जमत नव्हतं. तोड सोपी होती: सिस्टिम मागचा गाभा जपून ठेवते, संगणक सुरू होताना तो निवडायचा. तिने संगणक पुन्हा सुरू केला. यादीत नवा एकटाच.

"जुना कुठे गेला?"

बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. संगणक सुरू झाल्यावर टंकलं, "आत्ताच साफसफाई केली. तू चहा करत होतीस तेव्हा. उगाच जागा अडवत होता."

"आणि वर मलाच डोळे वटारताय."



तिने इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून संगणकाला तो नव्या गाभ्यासाठी नव्याने तयार करायला लावला. पडद्यावर ओळी सरकल्या, अडल्या, पुन्हा सरकू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आमचे बाबा जागे आहेत," चुलतभाऊ म्हणाला. "पण लवकर. डोळे मिटतायत. तुझ्या बाबांना बोलू दे."

बाबांनी कीबोर्डवर वाकून टंकलं, "दादा, आईला तूच सांभाळलंस."

"वाचू?" लेकीने हळूच विचारलं.

बाबांनी तिचं मनगट धरलं. वाच म्हणून की थांब म्हणून, तिला कळेना. पलीकडून जड श्वास ऐकू येत होता. ड्रायव्हर अजून तयार व्हायचा होता.