पुसलेलं वय

मी एक जुनी काचपट्टी आहे. बोटभर लांब, एका कडेला दुधाळ, बाकी आरपार. नाजूक असले तरी माझा तोरा कमी नाही. माझ्या अंगावर उंदराच्या पिल्लाच्या वृषणाचा केसाहून पातळ काप आहे. हसू नका, मित्रांनो. शुक्रपेशी कशा घडतात ते तिथेच कळतं.

दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या क्षिप्राने आम्हा चौघी बहिणींना तयार केलं. पिल्लं होती पाच, दहा, वीस आणि पस्तीस दिवसांची. काचेच्या दुधाळ कडेवर पेन्सिलनेच लिहायचं, हे तिला शंभरदा सांगितलेलं. पण घाई नडली. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेल्या 'पक्क्या' शाईच्या पेनाने तिने आमची वयं लिहिली. काप पातळ निघावा म्हणून आधी मेणात बसवलेला असतो. ते मेण काढणाऱ्या द्रावणात बुडवताच ती पक्की शाई धुऊन निघाली.

"चलो, झालं कल्याण," क्षिप्रा पुटपुटली.

तिच्या मार्गदर्शक देवयानी मॅडम म्हणाल्या, "वय ठरत नसेल, तर या पट्ट्या बाद. नवी पिल्लं घ्यावी लागतील."

म्हणजे माझ्यासारख्या पट्ट्यांसाठी आणखी चार जीव जाणार. क्षिप्राचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं. खरं सांगू? माझं वय मलाच ठाऊक नव्हतं.

क्षिप्राने आम्हाला जांभळा रंग दिला आणि एकेकीला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. वृषणाच्या आत बारीक नळ्या असतात, शुक्रपेशी तिथेच घडतात. एकीच्या नळ्यांत दोनच प्रकारच्या पेशी होत्या. पहिल्या बीजाच्या मूळ पेशी, आणि दुसऱ्या त्यांना सांभाळणाऱ्या पोषक पेशी. या पोषक पेशी पिल्लू जन्मण्याआधीच मूळ पेशींभोवती कडं करून बसतात म्हणे. ही बहीण पाच दिवसांची ठरली. दुसरीत काही मूळ पेशी पुढच्या टप्प्याला निघाल्या होत्या, ती दहाची. तिसरीत शेपटीवाल्या शुक्रपेशी सापडल्या, ती सगळ्यांत थोरली.

माझ्यापाशी मात्र क्षिप्रा अडली. उरली ती वीसची, असं म्हणणं सोपं होतं, पण तिला पुरावा हवा होता. एकेक नळी शोधत राहिली. शेवटी चार-पाच गोल, बिनशेपटीच्या पेशी दिसल्या. शेपटी अजून यायची होती. अशा पेशी विसाव्या दिवसाच्या सुमारास पहिल्यांदा दिसतात. तिने कागदावर लिहिलं, 'वीस'.

"तुझा कागद मला दाखवू नकोस. मी माझं बघते," मॅडम म्हणाल्या. त्या बघत असताना क्षिप्रा पाठ करून खिडकीशी उभी राहिली. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"बिल्कुल जुळलं," मॅडम म्हणाल्या. "आता ते पेन कचऱ्यात टाक आणि तुझी चूक वहीत लिहून ठेव."

क्षिप्राने दोन्ही कामं केली. मग माझ्या दुधाळ कडेवर पेन्सिलने सावकाश लिहिलं, 'दिवस २०'.

मित्रांनो, नाव पुसलं म्हणून कुणाला लगेच टाकून देऊ नका, आधी आत डोकावून बघा. आणि लिहाल ते टिकेल असं लिहा. त्या संध्याकाळी पलीकडच्या खोलीत चार पिल्लं आईच्या कुशीत झोपली होती. त्यांना यातलं काहीच कळलं नाही.