ड्रमफर्नच्या मैदानावरची पंगत

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. जुनी म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. तुमच्या घरातल्या बटण दाबायच्या चिमुकल्या किटलीला चार कप पाणी उकळताना धाप लागते. माझ्या पोटात अख्ख्या लग्नघराचा चहा मावतो. शाळा मी बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. माझ्या अंगावर 'चि. अवधूतास, आईकडून' अशी अक्षरं कोरली आहेत, तीही मला वाचता येत नाहीत. येणारा-जाणारा वाचतो, ते ऐकून पाठ झाली. पण कान माझे तिखट आहेत, आणि तोंडाचं तर विचारूच नका. कारखान्यात आधी माझं पोट घडवलं आणि तोटी मागाहून जोडली. तोंड उशिरा मिळालं, म्हणून मी ते जरा जास्तच चालवते.

माझी पहिली मालकीण द्वारकाबाई. मिरजेला हॉस्पिटलच्या मागच्या बोळात तिची खानावळ होती. दोन यत्ता शिकलेली बाई, पण डॉक्टरकी शिकणारी पोरं तिच्यापुढे मान वर करत नसत. तिचा एक नियम होता. पंगतीला बसलेल्या माणसानं उठायचं नाही, वाढणाऱ्यानं फिरायचं. "पोटासाठी माणसाला रांगेत उभं करायला हे काय रॉकेलचं दुकान आहे?" असं ती म्हणायची. मग पदर खोचून, मला हातात धरून ती पंगतीतून निघायची. एक थेंब सांडला तर शपथ.

तिचा मुलगा अवधूत त्याच पंगतीत जेवून डॉक्टर झाला. त्याला स्कॉटलंडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा द्वारकाबाईनं माझ्यावर नाव घातलं आणि मला त्याच्या ट्रंकेत बसवलं. "तिकडं लोक थंडीनं गारठतात म्हणे," ती म्हणाली, "आल्या-गेल्याला चहा पाज." मला वाटलं, आता परदेशात आपला थाट होणार. कसला थाट नि कसलं काय. ड्रमफर्न हे गाव एवढंसं, त्यातलं घर त्याहून एवढंसं. दोघांच्या चहाला मला कोण विचारतो? अवधूतची बायको वरदा हिनं मला कपाटावर चढवलं. पुढं अजय आणि देविका जन्मली. त्यांच्या खेळण्यातले ठोकळे माझ्या पोटात जाऊन पडले. एवढी वर्षं प्लॅस्टिक गिळून बसले, पण तक्रार केली नाही. वरदा माझी सूनच, आणि सुनेची चूक आपण चारचौघांत काढत नसतो. आज काढली ती तुम्ही घरचे म्हणून.

मग अवधूत गावातल्या फुटबॉल क्लबचा डॉक्टर झाला. लहान क्लब, मैदान लहान, एका बाजूला पत्र्याचं छप्पर. खेळाडूसुद्धा आठवडाभर आपापली कामं करून शनिवारी खेळणारे. एका गोठलेल्या शनिवारी तिथल्या चहाच्या टपरीतला बंब बंद पडला. अवधूतनं घरी फोन केला, आणि वरदा मला मोटारीत पुढच्या सीटवर बसवून, पट्टा बांधून घेऊन गेली. गॅसवर चढवलं. आलं ठेचून घातलं. पहिला कप अ‍ॅलिस्टर नावाच्या बसचालकानं घेतला. त्यानं घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाईट नाही."

मला राग आला होता. मागाहून कळलं, की कौतुक करताना इथल्या माणसांचे दात दुखतात. त्यांनी 'वाईट नाही' म्हटलं म्हणजे समजा ओवाळून टाकलं. विचार केला तर मिरजेत तरी काय निराळं होतं? द्वारकाबाईची आमटी वाटीला तोंड लावून भुरकायची आणि वर म्हणायचं, "बरी झालीय." ही माणसं आपलीच निघाली, फक्त गोरी. त्यांच्या संघाचे कपडेही पिवळे नि लाल. वरदा पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "अगंबाई, हे तर हळदीकुंकू पळतंय."

त्या दिवसापासून दर शनिवारी मी टपरीत. अवधूतला जाऊन चार वर्षं झाली, तरी वरदाचा शनिवार चुकला नाही. बाकीचे सहा दिवस ती शनिवारच्या आधाराने काढते, हे मला ठाऊक आहे. अजय तिकडे लंडनजवळ पिनरला राहतो. तो दर रविवारी फोन करून म्हणतो, "आई, इकडे ये ना राहायला." ती म्हणते, "आमचा सामना आहे." त्याला वाटतं ही बाई गंमत करते.

आता यंदाचं सांगते. गेल्या वर्षी आमचा संघ खालच्या विभागात घसरता घसरता वाचला, तोही शेवटच्या दिवशी. यंदा मात्र ऑगस्ट उजाडला आणि पोरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पहिले चार सामने झाले, हार एकही नाही. टपरीपुढे हाफ-टाइमला जी चर्चा झडायची, ती ऐकून माझं पाणी शेगडीवाचून उकळावं.

अ‍ॅलिस्टर आता निवृत्त झालाय, पण कप्तान ग्रेगरविषयी कुणी ब्र काढला तर त्याला खपत नाही. टपाल वाटणारी फिओना मुद्दाम काढते.

"ग्रेगरला आता पळता येत नाही," ती म्हणाली.

"त्याला पळायची गरज पडत नाही. चेंडू त्याच्याकडे चालत येतो."

"पस्तिशी उलटली त्याची."

"मी पस्तीस वर्षं बस चालवली, फिओना. ब्रेक कधी लावायचा, ते शेवटच्या पाच वर्षांत कळलं."

"आणि तो नवा गोलकीपर?"

अ‍ॅलिस्टर थांबला. चहात पाहत राहिला. "हात आहेत त्याला," तो म्हणाला. म्हणजे पोरगं किती गुणाचं असेल ते तुम्हीच ओळखा.

"डाव्या बाजूचा रोरी मात्र शिंगरू आहे नुसतं," फिओना म्हणाली. "पळतो छान, पण कुठे पळायचं ते त्याला घोड्याइतकंच ठाऊक."

"अ‍ॅलिस्टर, कप पुढे कर," वरदा आतून म्हणाली. "आणि फिओना, रोरीला नावं ठेवू नकोस. मागच्या शनिवारी त्याच्या पासवर गोल झाला तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडलीस."

"थंडीनं डोळ्यांत पाणी येतं."

"ऑगस्टात?"

खरं सांगू? ती पोरं मलाही आवडायची. ग्रेगर आठवडाभर लोकांच्या छपरांवर चढून काम करतो आणि शनिवारी आमचं छप्पर होतो. समोरचा कितीही दांडगा येवो, हा असा उभा राहतो की त्यानं वळसा घालून घरी जावं. नवा गोलकीपर झेप घेतो तेव्हा अख्खं मैदान श्वास धरतं, मी वाफ धरते. पण तोंडावर सांगणार नाही. पोरं शेफारतात.

मात्र मित्रांनो, संघ जिंकायला लागला की माणसं वाढतात. आणि माणसं वाढली तशी माझ्यापुढची रांग वाढली. टपरीपासून कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत. एका शनिवारी हाफ-टाइम संपला तरी निम्मी माणसं रांगेतच होती. तेवढ्यात आरडाओरडा झाला. रोरीनं गोल केला होता, आणि तो अ‍ॅलिस्टरनं पाहिला नाही. इतक्या वर्षांत घरच्या मैदानावरचा एक गोल त्यानं चुकवला नव्हता. कप न घेताच गेला. वरदानं भरलेला कप तसाच फळीवर गार होत राहिला.

देविका आता क्लबच्या कमिटीवर आहे. इथंच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी धावतं पण अडखळतं. ती संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "आई, क्यू बघितलास ना? पीपल सेकंड हाफ मिस करतायत. कमिटीनं डिसाइड केलंय, मोठी मशीन येणार. चार नळ आहेत तिला. आणि तुझी मनगट पण दुखते. बटण दाबायचं, झालं."

वरदाचं मनगट सुजलं होतं, हे खोटं नव्हतं. ती त्याला तेल चोळत म्हणाली, "बटण दाबायला मी कशाला लागते?"

"आई, असं नाही म्हटलं मी."

"तू नाही म्हटलंस. मशीन म्हणतेय."

त्या रविवारी अजयचा फोन आला तेव्हा वरदानं सामन्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, "खोली रिकामी आहे का रे तुझ्याकडे?" मी ओट्यावर होते. माझ्या पोटात पाणी नव्हतं, तरी काहीतरी हललं. तिनं घर सोडलं तर माझी रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात होणार. कुणी कुंडी करील मला, जिरेनियम लावील. पण माझं जाऊ द्या. या पोरीला मी नवी नवरी असल्यापासून पाहतेय. पिनरला ती सोफ्यावर बसून राहील, आणि बसून बसून विझेल.

मशीन आली. चकाचक, उंच, चार नळांची. मी टपरीच्या खालच्या फळीवर. आणि त्याच शनिवारी संघ हरला, घरच्या मैदानावर, तीन गोलांनी. झालं. अ‍ॅलिस्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "किटली काढून ठेवली, तिथेच घात झाला. तिला परत ठेवा."

मागच्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, आता वरदा खूश होईल. पण ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "ग्रेगरचा गुडघा सुजला म्हणून तो बाहेर बसला. मधल्या फळीतली पोरं झोपा काढत होती. यात किटलीचं नाव कशाला? तिला देव करून फळीवर बसवू नकोस, अ‍ॅलिस्टर. तिला काम माहीत आहे, नवस माहीत नाहीत."

शाब्बास, सूनबाई. अगदी माझ्याच तोंडचं बोललीस.

पण रांग काही तुटली नव्हती. नळ चार असले तरी खिडकी एकच. त्या हरलेल्या दिवशीही माणसं कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत उभी होती आणि देविका मशीनमागे लालबुंद झाली होती. वरदा ते पाहत राहिली. मग तिची नजर खाली माझ्यावर आली, माझ्या अंगावरच्या अक्षरांवर. द्वारकाबाईनं पंगतीचा नियम तिलाही शिकवला होता, लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला, आणि चांगला खडसावून.

पुढच्या शनिवारी ती लवकर आली. सोबत दोन मोठी ताटं आणि कपांचे मनोरे. हाफ-टाइमची शिट्टी व्हायच्या आधीच तिनं मशीनच्या नळाखाली मला ठेवलं. पोटात चहा नि ठेचलेलं आलं आधीच होतं, वरून उकळतं पाणी सोडलं. आल्याचा वास सुटला.

"आई, काय करतेस तू?"

"रांगेत कोण उभं राहतं? रॉकेल घ्यायला आलेली माणसं. आपल्या दारात आलेली माणसं जागच्या जागी बसतात. आपण फिरायचं."

तिनं मला उचललं, आणि मित्रांनो, तिचं दुखरं मनगट खाली झुकलं. मी भरलेली होते, माझं ओझं मला ठाऊक. एक पाऊल टाकून ती थांबली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण मला मुठीतून सगळं कळत होतं. माझ्या मनात आलं, संपलं इथेच. हिला वाटेल, आपण म्हातारे झालो, निघावं पिनरला.

तेवढ्यात माझ्या मुठीवर दुसरा हात आला. देविकाचा.

"दे," ती म्हणाली. "सांग फक्त कसं ओततात ते."

"कोपर अंगाला लाव. तोटी कपाजवळ ने, कप तोटीजवळ बोलावू नकोस. आणि आधी म्हाताऱ्यांना."

वरदा पुढे कप वाटत निघाली, देविका मागून मला घेऊन. पत्र्याच्या छपराखाली बाकांच्या ओळींमधून, द्वारकाबाई निघायची तशी. पहिल्या ओळीत देविकानं दोनदा सांडलं. तिसऱ्या ओळीत तिचं कोपर बसलं. "खाली बसा, उठू नका," वरदा सगळ्यांना दटावत होती, आणि ती दांडगी दांडगी माणसं शाळकरी पोरांसारखी बसत होती. मी रिकामी झाले की मशीनकडे परत, भरून पुन्हा पंगतीत. ती मशीन वाईट नाही हो. पाणी तापवायला तिच्यासारखी कोणी नाही. पायच नाहीत बिचारीला.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा प्रत्येकाच्या हातात कप होता आणि खिडकीपुढे कुणी नव्हतं. ग्रेगर गुडघ्याला पट्टी बांधून परत आला होता. कॉर्नरवरून चेंडू आला, ग्रेगर हवेत उठला, आणि डोक्यानं असा चेंडू मारला की जाळी फाटते की काय. तो गोल अ‍ॅलिस्टरनं पाहिला. चहाचा घोट तोंडात होता, म्हणून ओरडता आलं नाही. नुसताच फिओनाच्या पाठीवर थापा मारत राहिला.

त्या रविवारी अजयचा फोन आला. वरदा म्हणाली, "येईन रे नाताळात चार दिवस. पण शनिवार सोडून. देविकाला अजून चौथ्या ओळीत घाई होते."

तर मित्रांनो, माझं ऐका. घरातल्या जुन्या भांड्याला, जुन्या माणसाला नुसतं घासूनपुसून फळीवर ठेवलं म्हणजे जपलं असं होत नाही. नवस बोलून पूजलं तर त्याहून नाही. ओझं पेलत नसेल तर दुसरा हात लावा, पण काम काढून घेऊ नका. आणि वापर झाल्यावर आतून कोरडं पुसून पालथं घाला. एवढंच मागते, जास्त लाड नकोत.

त्या दिवशी माणसं पांगली, तेव्हा देविका मला पुसत होती. अ‍ॅलिस्टर जाता जाता खिडकीशी थांबला. माझ्या अंगावरच्या त्या अक्षरांवरून, जी त्यालाही वाचता येत नाहीत, त्यानं बोट फिरवलं. मग देविकाकडे पाहून म्हणाला, "वाईट नाही."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण रिकामी होते, पालथी होते, तरी बराच वेळ गरमच राहिले.